झेनची चावी

आदरणीय ताई,

मी जयसिंगपूरची. मुलगा सतरा वर्षांचा, बारावीला आहे. सासऱ्यांची जुनी मारुती झेन गाडी दारात उभी असते, तिचा त्याला वर्षभर नाद लागलाय. आजोबांकडून पैसे घेऊन त्याने तिची उंची कमी करून ती खाली घेतली, मोठी चाकं बसवली, काचा काळ्या केल्या, सायलेन्सर बदलला. रात्री जेवणं झाली की चार मित्र येतात. मग सगळे हायवेच्या ढाब्यापर्यंत जातात, रील काढतात. तो परत येईपर्यंत मी ओट्याशी बसून असते. मिस्टर म्हणतात, मी चौदाव्या वर्षी ट्रॅक्टर चालवला, काय झालं मला? मुलगा म्हणतो, आत्याचा दादा मेलबर्नला सोळाव्या वर्षापासून गाडी चालवतो, आपल्याकडेच कटकट. अठरा पूर्ण झाले की नवी गाडी द्यायचं त्याच्या पप्पांनी कबूल केलंय. मी एकदा चावी लपवली तर दोन दिवस जेवला नाही. पोलिसांत सांगू का? पोटच्या पोराची तक्रार कशी करू? मला गाडी चालवता येत नाही, म्हणून या विषयात घरात माझं कुणी ऐकत नाही.

– एक आई

ताई,

आधी चावीचं सांगते, कारण ते आजच करायचं आहे. चावी काढून घ्या, पण लपवू नका. लपवलेली चावी मुलं शोधून काढतात आणि मग घरात चोर-पोलीस सुरू होतं. रात्री सगळे जेवायला बसले असताना, आजोबा आणि मिस्टर समोर असताना सांगा, की अठरा पूर्ण होऊन परवाना हातात येईपर्यंत झेन रस्त्यावर जाणार नाही. दोन्ही चाव्या आजोबांच्या कपाटात राहतील. तो जेवणावरून उठेल. उठू दे. ताट झाकून ठेवा.

तुमच्या मुलाला मी इथे ओंकार म्हणते. ओंकार वाईट मुलगा आहे असं मला तुमच्या पत्रात कुठेच दिसलं नाही. दिसतं ते एवढंच, की त्याला एका गोष्टीची मनापासून ओढ आहे आणि त्या ओढीला योग्य जागा कुणी दाखवली नाही. तिच्याविषयी पुढे बोलू. चावी मात्र तिच्यापासून वेगळी ठेवायची.

कायदा सांगते, कारण मिस्टरांना तो माहीत नसावा. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. ‘मला माहीत नव्हतं’ किंवा ‘मी अडवायचा पुरेपूर प्रयत्न केला’ हे सिद्ध करायची जबाबदारी पालकांवर असते. तुमच्या घरी तर गाडीच्या बदलांना पैसे आजोबांनी दिलेत आणि पप्पांना सगळं ठाऊक आहे. झेन आजोबांच्या नावावर असेल तर या वयात त्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतील, हे ओंकारला कळू दे. आजोबांवर त्याचा जीव आहे, म्हणूनच तर त्यांच्याकडे पैसे मागतो.

याच कलमात एक अट आहे, ती ओंकारने स्वतः वाचायला हवी. असा गुन्हा केलेल्या मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत शिकाऊ परवानासुद्धा मिळत नाही. गाडी हाच ज्याचा श्वास आहे, त्याच्यासाठी ही आठ वर्षं कैदेहून कमी नाहीत.

शिवाय विमा आहे. परवाना नसलेल्या माणसाच्या हातून अपघात झाला तर विमा कंपनी समोरच्याला भरपाई देऊन ती रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. शेत विकून भरपाई देण्याची वेळ घरावर येऊ शकते.

जाता जाता इतर वाचक आयांसाठी: ‘सोळाव्या वर्षी बिनगिअरची चालते’ हा समज अर्धवट आहे. सोळा ते अठरा या वयात कायदा फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला परवानगी देतो. क्लासच्या दारात ज्या स्कूटर रांगेने उभ्या असतात त्या जवळपास सगळ्या १०० सीसीच्या वरच्या असतात.

आता ट्रॅक्टर. मिस्टर खोटं बोलत नाहीत. आपल्या भागात पोरं बापाच्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरायला शिकतात, आणि बांधावरून ट्रॅक्टर नेणाऱ्या मुलाला गाडीचं वजन, क्लच, उतार हे सगळं लवकर समजतं. पण तो ट्रॅक्टर स्वतःच्या रानात, दिवसा, माणसाच्या धावण्याच्या वेगाने चालला होता. मागे चार मित्र ‘अजून दाब, अजून दाब’ म्हणत बसले नव्हते. समोर कुणी मोबाइल धरला नव्हता.

तुमच्याकडचा रस्ता मला माहीत आहे. कारखाने सुरू झाले की दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत रात्रभर उसाच्या ट्रॉल्या जातात. कितीतरी ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेले असतात, आणि पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्यातच दगड लावून उभी असते. ओंकारला हिशोब आवडत असेल तर हा करायला सांगा. ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे जाते. काहीतरी दिसणं आणि पाय ब्रेकवर पडणं यात सावध माणसाचाही एक-दीड सेकंद जातो. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर गाडी थांबायला आणखी ४० मीटरच्या पुढेच लागतात. डिपरचा, म्हणजे खाली केलेल्या दिव्यांचा, प्रकाश पडतो तो जेमतेम ४०-५० मीटर. म्हणजे ट्रॉली दिसते तेव्हा वेळ निघून गेलेली असते. इथे हाताचं कसब काहीही करू शकत नाही. वीस वर्षं गाडी चालवणारा माणूस याच कारणाने रात्री ऐंशीच्या आत राहतो आणि ओंकारला तो भित्रा वाटतो.

मी बारावीत होते तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका मुलाने वडिलांची फियाट काढली होती. सोबत तिघे. पुलाच्या कठड्याला गाडी लागली. चालवणारा वाचला, मागे बसलेला एक गेला. दोघांची घरं समोरासमोर होती. चालवणारा आज पन्नाशीत आहे, चांगली नोकरी करतो, कधीमधी भेटतो. त्या दिवसापासून त्याने स्टिअरिंगला हात लावलेला नाही. गाडी बायको चालवते, तो शेजारी बसतो. त्याच्या आईवडिलांनी त्याला कधीच ‘गाडी ने’ म्हटलं नव्हतं. ‘नको नेऊस’ असंही म्हटलं नव्हतं.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला काय झालं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. गाडीच्या धडकेने दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते गेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असं पोलिसांचं म्हणणं. त्याला ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालून जामीन मिळाला आणि सगळा महाराष्ट्र संतापला. वडिलांना अटक झाली. तेव्हा घराघरांत बोलणं झालं ते ‘श्रीमंतांची पोरं’ म्हणून. त्या गाडीची किंमत बाजूला ठेवली तर मला त्या घरात आणि आपल्या कितीतरी घरांत एक गोष्ट सारखी दिसली. चावी मागितल्यावर ‘नाही’ म्हणणारं कुणी नव्हतं.

मेलबर्नच्या दादाचं ओंकारने अर्धंच सांगितलंय. हो, तिथे सोळाव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळतो. पण त्या परवान्यावर तो एकटा गाडी चालवू शकत नाही, पक्का परवाना असलेला माणूस शेजारी बसावाच लागतो. २१ वर्षांखालच्या मुलाला तो शिकाऊ परवाना किमान एक वर्ष ठेवावा लागतो आणि त्या काळात १२० तास गाडी चालवल्याची नोंद करावी लागते. त्यातले २० तास रात्रीचे. परीक्षा पास होऊन अठरा पूर्ण झाले की गाडीवर लाल रंगाचं ‘पी’ अक्षर लागतं, एक वर्ष. त्या वर्षात १६ ते २१ वयाचा एकच मित्र गाडीत घेता येतो. मग हिरवं ‘पी’, आणखी तीन वर्षं. या चारही वर्षांत दारूचा एक थेंब चालत नाही आणि जास्त ताकदीच्या ठरावीक गाड्या चालवता येत नाहीत. म्हणजे आत्याच्या दादाला पक्का परवाना मिळेपर्यंत तो बावीस वर्षांचा झालेला असणार. आत्याला फोन लावा, स्पीकरवर ठेवा आणि दादालाच विचारा, की त्याच्या शेजारी १२० तास कोण बसलं होतं. बहुतेक उत्तर ‘आई’ असंच येईल.

आपल्याकडे अठराव्या वाढदिवसाला शिकाऊ परवान्याचा अर्ज, त्यानंतर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते, आणि पास झालं की दुसऱ्या दिवशी तोच मुलगा रात्री दोन वाजता चार मित्रांना घेऊन कितीही ताकदीची गाडी हायवेला नेऊ शकतो. मधे एकही पायरी नाही. माझी सगळी काळजी या जागेची आहे. ओंकार सतरा वर्षांचा आहे तोवर कायदा तुमच्या बाजूने आहे. अठरा झाल्यावर कायदा बाजूला होईल आणि पप्पा नव्या गाडीची चावी हातात ठेवतील. ज्या पायऱ्या सरकारने बांधल्या नाहीत त्या तुम्हाला घरात बांधायच्या आहेत.

हे वेड जगभर आहे आणि सगळ्याच समाजांनी त्याच्याशी झुंज घेतली आहे. न्यूझीलंडमध्ये रात्रीच्या शर्यती लावणाऱ्या मुलांना ‘बॉय रेसर’ म्हणतात. लोक इतके वैतागले, की २००९ साली वारंवार गुन्हा करणाऱ्याची गाडी यंत्रात घालून चिरडण्याचा कायदा झाला. फार गाजावाजा झाला. पहिली गाडी चिरडायला २०१२ उजाडलं आणि पुढेही चिरडलेल्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच राहिल्या. त्याच देशाने १९८७ साली एक काम गाजावाजा न करता केलं होतं: परवाना टप्प्याटप्प्याने द्यायचा. मधल्या टप्प्यात रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने गाडी काढायची नाही, जाणता माणूस शेजारी नसेल तर मित्रांना बसवायचं नाही. पुढे कितीतरी देशांनी हीच पद्धत उचलली, कारण तिने तरुण पोरांचे अपघात खरोखर कमी झाले. आपल्याकडे पोलीस सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतात, त्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरतात. आवाजाने हैराण झालेल्या माणसाला बरं वाटतं, मलाही वाटतं. पण पुढच्या आठवड्यात तोच मुलगा नवी पुंगळी बसवून येतो.

आता तुमच्या घरातल्या पायऱ्या. नव्या मुलाला सगळ्यात जास्त धोका एकट्याने चालवायला लागल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत असतो, तोही रात्री, आणि बरोबरीचे मित्र गाडीत असताना. या तीन गोष्टी सांभाळल्या की बरंचसं सांभाळलं जातं. म्हणून मी असं करेन: शिकाऊ परवाना मिळाल्यापासून पहिले सहा महिने कुणीतरी मोठं शेजारी बसल्याशिवाय गाडी हलणार नाही, मग पक्का परवाना एका महिन्यात आला तरी. वहीत तास लिहायचे. १२० जमले नाहीत तर ६० तरी. त्यात पाऊस हवा, बाजाराचा दिवस हवा, घाट हवा, रात्रीच्या ट्रॉल्याही हव्यात. रात्रीचं शिकणं टाळू नका. फक्त ते पप्पांच्या शेजारी होऊ दे. त्यानंतरचं एक वर्ष रात्री दहानंतर एकट्याने नाही आणि गाडीत एकच मित्र. मागे बसणाऱ्यालाही पट्टा. मोबाइल डिकीत.

नवी गाडी मात्र पप्पांनी या वर्षात घेऊ नये. शब्द दिलाय हे मला कळतं आणि बापाने शब्द मोडावा असं मी म्हणत नाही. तारीख बदलावी. वहीतले तास पूर्ण झाले की गाडी. वाढदिवसाला मिळणारी गाडी आणि तासांच्या वहीवर मिळवलेली गाडी, दोन्ही ओंकारला वेगळ्या वाटतील, पप्पांनाही.

आता झेन. तिच्याबद्दल मला ओंकारशीच बोलायचंय, हा भाग त्याला वाचायला द्या.

ओंकार, तुझी गाडी मी मनात पाहिली. एवढ्या जुन्या झेनला जिवंत ठेवणारा मुलगा मला आवडतो. पण तू केलेल्या चार गोष्टींपैकी तीन गाडीला आजारी करतात. गाडी खाली घेतली की सस्पेन्शनला हलायला जागा उरत नाही, खड्ड्यात ती आपटते आणि जोरात ब्रेक मारताना चाक रस्ता सोडतं. मोठ्या चाकांनी स्पीडोमीटर खरा वेग दाखवत नाही आणि ब्रेकवरचा भार वाढतो. काळ्या काचांतून रात्री आरशात काय दिसतं ते तुलाच ठाऊक. कायद्याने पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश यायला हवा. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्म बंद केल्या. २०१९ साली त्याच न्यायालयाने हेही स्पष्ट केलं, की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. सायलेन्सरच्या आवाजाचे १०,००० पर्यंत वेगळे. आणि पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी करावी लागते, तेव्हा आरटीओचा निरीक्षक तिला उभी-आडवी तपासतो. या अवस्थेत झेन तिथून पास होऊन येणार नाही. तुझ्या हौसेपायी आजोबांची गाडी भंगारात जाऊ नये.

म्हणून तुला एक अवघड काम देते. तिला मूळ रूपात आण. बाजारातून बदललेले भाग आणून लावणं कुणालाही जमतं, पैसे लागतात. वीस वर्षांपूर्वी शोरूममधून निघाली तशी झेन उभी करायला डोकं लागतं. मूळ स्प्रिंग शोध, कार्ब्युरेटर असेल तर उघडून स्वच्छ कर, ब्रेकचे पाइप बदल, रबरं बदल, गंज काढ. अठरा पूर्ण होईपर्यंत हे काम पुरेल. गाडी जागेवरच उभी असेल, पण हात तुझेच काळे होतील. त्याचेही व्हिडिओ कर, ते पाहणारी मुलं खूप आहेत.

ताई, पुन्हा तुमच्याशी बोलते. ओंकारला एक दिवस कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात घेऊन जा. तिथे सुटी नसेल असा दिवस काढा, कारखाने चालू हवेत. तिथे आणि आसपासच्या वसाहतींत ओतकामाच्या भट्ट्या आहेत, लेथ आहेत, आणि देशभरच्या गाड्यांचे सुटे भाग तिथून जातात. इंजिनचा ब्लॉक वाळूच्या साच्यातून लालबुंद बाहेर येताना त्याने एकदा पाहू दे. वेगाची तहान असेल तर कोल्हापुरात गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे. तिथे हेल्मेट असतं, कडेला टायरच्या भिंती असतात, समोरून ट्रॉली येत नाही आणि वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजली जाते. हायवेवर आपण भारी आहोत असं वाटणाऱ्या मुलाला तिथे पहिल्याच दिवशी कळतं, की वळणावर आपण किती कच्चे आहोत. मग तो शिकायला तयार होतो.

आणि बारावी. गाडीवेड्या मुलाला अभ्यासाचं कारण लागतं, ते इथे आहे. अभियांत्रिकीची मुलं कॉलेजात स्वतः गाड्या बनवतात आणि स्पर्धांना नेतात. ‘बाहा’ या स्पर्धेत खडबडीत रस्त्यावर चालणारी, एकाच माणसाने बसायची गाडी बांधायची असते, इंदूरजवळ पिथमपूरच्या चाचणी मार्गावर ती होत आली आहे. ‘फॉर्म्युला भारत’साठी मुलं शर्यतीची गाडी घडवून कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर पोचतात. चौकटीच्या वेल्डिंगपासून ब्रेकच्या हिशोबापर्यंत सगळं विद्यार्थ्यांचं, आणि परीक्षक एकेक नट तपासतात. ब्रेकची चाचणी पास झाल्याशिवाय गाडीला ट्रॅकवर सोडत नाहीत. त्या मुलांचे व्हिडिओ ओंकारसोबत बसून बघा. त्याला विचारा, हे काय, ते काय. त्याला समजावून सांगू दे. ‘गाडीतलं आईला काही कळत नाही’ या वाक्याचा जोर त्याने कमी होईल.

त्यावरूनच आणखी एक. तुम्ही गाडी शिका. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. तुमच्या गावात ड्रायव्हिंग स्कूल असणारच, महिनाभर सकाळचा एक तास काढा. ओंकारला अठरा पूर्ण होतील तेव्हा तुमच्याकडे परवाना असेल आणि त्याच्या शेजारी बसायचा अधिकारही. ओट्याशी बसून वाट पाहणारी आई आणि शेजारच्या सीटवर बसून ‘तिसरा टाक’ म्हणणारी आई, यांचं घरात वेगवेगळं ऐकलं जातं. नृसिंहवाडीला पहाटे निघा, रस्ता मोकळा असतो.

पोलिसांचं विचारलंत. आज नको. चावी कपाटात असताना त्याची गरज पडणार नाही. पण तो कपाट फोडून गाडी घेऊन गेला, किंवा मित्रांच्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसू लागला, तर पोलीस ठाण्यात जाऊन बोलायला कचरू नका. लहान गावात अधिकारी आईचं ऐकून घेतात, मुलाला बोलावून समज देतात. ती तक्रार नव्हे, मदत मागणं आहे. आणि तो दिवसच्या दिवस जेवला नाही, घर सोडून जाईन म्हणाला, खोलीत कोंडून घेऊन बोलेनासा झाला, तर ते गाडीच्या भांडणात गुंडाळू नका. ते वेगळं दुखणं आहे. त्यासाठी समुपदेशक किंवा डॉक्टर गाठा.

राहिले ते चार मित्र. त्यांच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण ते चौघे मला सारखे दिसत राहिले. झेन कपाटबंद झाली की ते उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी दारातली गाडी काढतील आणि ओंकार मागच्या सीटवर बसलेला असेल. त्या चौघांच्या आयांना तुम्ही ओळखता का? नसाल तर ओळख करून घ्या. त्याही कुठल्या तरी ओट्याशी बसून असतील आणि आपणच एकट्या घाबरट आहोत असं त्यांनाही वाटत असेल. पाचही घरांत एकच सांगितलं गेलं, की अठरापर्यंत गाडी नाही आणि रात्री दहाला घरी, तर पोरांना ‘त्याच्या घरी चालतं’ म्हणायला जागा राहणार नाही. हवं तर हे पत्र त्यांना वाचून दाखवा. पहिला फोन आज संध्याकाळी करा, मुलं बाहेर पडायच्या आत.